सीपी असलेल्या मुलाच्या पायाचे ऑपरेशन: आधीची तयारी, प्लास्टर आणि पुढचे वर्ष

सेरेब्रल पाल्सीत (सीपी) इजा मेंदूला झालेली असते आणि ऑपरेशन होते स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणि हाडांवर. त्यामुळे पाय सरळ झाला तरी ताठरपणाचे मूळ तसेच राहते. म्हणून सर्जनला पहिला प्रश्न विचारा: हे ऑपरेशन नेमके कशासाठी? आपले आपण किंवा वॉकर धरून चालणाऱ्या मुलाची (जीएमएफसीएस, म्हणजे हालचालीच्या क्षमतेच्या 1 ते 5 पातळ्या, 1 सर्वांत सौम्य; त्यातली पातळी 1 ते 3) चाल सुधारता येते. पातळी 4-5 च्या मुलासाठी हेतू वेगळा असतो: खुबा जागेवर राहावा, न दुखता बसता यावे, मांड्या फाकवून लंगोट बदलता यावा. एवढे साधले तरी ऑपरेशन यशस्वीच. न चालणारे मूल त्यामुळे चालू लागेल, ही आशा मात्र धरू नका.

खुबा सरकायला लागतो तेव्हा बहुतेकदा दुखत नाही. पातळी 3 ते 5 च्या मुलांचा खुब्याचा एक्स-रे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, साधारण 6 ते 12 महिन्यांनी काढावा. खुब्याचा गोळा खोबणीच्या 30 टक्क्यांहून जास्त बाहेर आला तर लक्ष वाढवायचे. 40 च्या पुढे गेला की बहुधा ऑपरेशनचा विचार होतो. अशा वेळी पाऊस संपायची वाट पाहू नका.

चालीच्या ऑपरेशनला मात्र मुहूर्त निवडता येतो. कोकणात तो दसऱ्यानंतरचा ठेवावा. प्लास्टर कोरड्या हवेत निघते आणि जूनपर्यंत अंगणात चालण्याचा सराव होतो. दोन्ही पाय ताठ असलेल्या लहान मुलाची फक्त टाचेची कंडरा लांबवून घेण्याची घाई नको. टाच टेकते, पण पुढे गुडघे वाकून मूल खाली बसल्यासारखे चालू लागते आणि ते दुरुस्त करणे फार अवघड. खुबा, गुडघा, घोटा सगळे तपासून जे करायचे ते एकाच वेळी, साधारण 8 ते 12 वर्षांच्या दरम्यान केलेले बरे.

मूल दवाखान्यात असतानाच घर तयार करा. ओटीच्या 6 इंचाच्या पायरीला 6 फूट लांबीचा उतार लागतो. खाट आणि खुर्ची एका उंचीची हवी, कमोड-खुर्ची आणून ठेवावी. झटक्यांची आणि स्नायू सैल करणारी गोळी, विशेषतः बॅक्लोफेन, डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका.

प्लास्टरचे पहिले दोन दिवस पाय छातीपेक्षा उंच राहू द्या, उशी पोटरीखाली आणि टाच अधांतरी. दर दोन-तीन तासांनी अंगठ्याचे नख दाबा: पांढरे पडून दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवे. बोटे निळी, गार, फुगलेली दिसली, किंवा औषध देऊनही रडणे थांबेना, तर मुंबईच्या सर्जनला फोन लावत बसू नका. प्लास्टर कापता येईल अशा जवळच्या दवाखान्यात लगेच जा. न बोलणाऱ्या मुलाचे रडणे हीच त्याची तक्रार असते.

खाज सुटली म्हणून माडाचा हीर आत घालू नका. त्याचा ओरखडा पिकतो. फायबरचे प्लास्टर वरून सुकले तरी आतला कापूस ओलाच राहतो, म्हणून पाणी अजिबात नको. दर दोन तासांनी कूस बदला. टाचेपाशी वास, डाग किंवा गरमपणा जाणवला तर आत जखम आहे असेच समजा.

मांडीमागचे स्नायू लांबवले असतील तर गुडघा सरळ ठेवायचा असतो. पण पावलाला मुंग्या आल्या, पाऊल वर उचलेना किंवा पायातून कळ जाऊ लागली, तर मज्जातंतू ताणला जातोय. गुडघा थोडा वाकवा आणि डॉक्टरांना कळवा.

प्लास्टर निघाल्यावर पाय बारीक आणि हाडे ठिसूळ झालेली असतात. गुडघ्यावरचे हाड साध्या ओढाओढीनेही मोडते, म्हणून गावातल्या हाडवैद्याकडून जोर लावून मालिश करून घेऊ नका. उचलताना मांडीखाली हात घाला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज दोनदा अर्धा तास पालथे झोपवा. खुब्याचा पुढचा ताण त्यानेच सुटतो.

एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार) सुरुवातीला अर्धा तासच घाला. काढल्यावर त्वचेवरची लाली अर्ध्या तासात गेली नाही तर बनवणाऱ्याकडून दाब कमी करून घ्या. पावसाळ्यात दिवसातून दोनदा मोजे बदला आणि एएफओ सावलीत सुकवा. चुलीजवळ ठेवले तर प्लास्टिक वाकते.

पहिले तीन-चार महिने मूल आधीपेक्षा कमजोर वाटेल. ऑपरेशन बिघडले म्हणून घाबरू नका. ताकद परत यायला बहुधा वर्ष लागते आणि सुधारणा दोन वर्षांपर्यंत चालू राहते. पण हे सगळे थेरपीच्या बळावर. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांच्या तपासणी आणि थेरपीचे सरकारी केंद्र) 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या थेरपीबद्दल चौकशी करा. नॅशनल ट्रस्ट या अपंगांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंतचा विमा मिळतो.

दर महिन्याला अंगणातल्या एकाच जागेवर, एकदा समोरून आणि एकदा बाजूने, चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवा. उंची झपाट्याने वाढते त्या काळात स्नायू पुन्हा आखडू शकतात. ते आधी या व्हिडिओत दिसते, मग तपासणीत.