सकाळी डी (ड्राइव्ह, पुढे जायचा गिअर) टाकला की गाडी पाच सेकंद ढिम्म, रिव्हर्स मात्र लगेच

गाडी 2004 ची, चार गिअरची ऑटोमॅटिक. इंदूरच्या थंडीत सकाळी डी टाकला की नुसता आवाज. तापली की ठणठणीत. गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदलला, सोलेनॉइड (तेलाची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बदलला. फरक शून्य. दोन हिवाळे आणि बरेच पैसे त्यात गेले.

शेवटी रामबागेतल्या शेजारच्या काकांनी विचारलं, "अरे, रिव्हर्स चांगला लागतो ना? मग पंपात दोष कशाला शोधतोस?" खरंच. तेलाला दाब देणारा पंप दोन्ही गिअरना एकच. दोष फक्त फॉरवर्ड क्लचमध्ये, म्हणजे पुढे जाताना लागणाऱ्या क्लचमध्ये होता.

गिअरबॉक्स उतरवला. फॉरवर्ड क्लचच्या तेलाच्या भोकातून कमी दाबाची हवा सोडली: पिस्टन सरकून 'ठप्' व्हायला हवं होतं, नुसतं फुस्स झालं. पिस्टनची रबरी लिप सील (ओठासारख्या कडेने तेल अडवणारी रिंग) प्लास्टिकसारखी कडक! थंड असताना ती दाब धरत नाही, तापल्यावर थोडी मऊ पडते.

नव्या सीलला ऑइल लावून, ओठ दाबाच्या बाजूला ठेवून बसवली. क्लचच्या घर्षणाच्या (फ्रिक्शन) प्लेटी तासभर ऑइलमध्ये भिजवल्या. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) क्लचची फट मॅन्युअलशी ताडली. पुन्हा हवा दिली, 'ठप्'! मग टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) फिरवत पूर्ण आत बसवला (अर्धवट राहिला आणि बोल्ट आवळले तर पंप फुटतो), नंतरच गिअरबॉक्स चढवला. ऑइलची पातळी इंजिन चालू आणि गरम असताना पाहिली.

आता सकाळी सहालाही डी लगेच लागतो.