वेळासला कासवाची पिल्लं बघायला जाताना: साताऱ्याहून निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी तारीख, आणि ती शाळेची सुट्टी बघून ठरवू नका. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये किनाऱ्यावर येते, वाळूत दीडेक फूट खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. ती अंडी जपून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या जागेत, हलवतात. तिथून पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस, वाळू गार असेल तेवढे जास्त. म्हणून वेळासात ज्यांच्या घरी उतरणार त्यांना फोन करून एवढंच विचारा, की कुठल्या घरट्याचे दिवस भरत आलेत. खोली मग त्या हिशोबाने. दोन मुक्काम धराच. पिल्लं सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी पोचलात तर रविवार सकाळपर्यंत चार वेळा बघायला मिळतं. एका मुक्कामात दोनदाच.

वाट महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड, मंडणगड अशी. आपल्या महाबळेश्वरात उगम पावलेली सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, वेळास तिच्या मुखालगतच आहे. पाच-सहा तास धरा, म्हणजे साताऱ्यातून अकराच्या आत निघा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी घाटाआधी अर्धा तास घ्यावी, घाटात घेऊन उपयोग नाही. पेट्रोल आणि रोख पैसे मंडणगडलाच बघून घ्या.

कालनिर्णयातली तिथी लिहून ठेवा. कोकणातला जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट, म्हणजे सहाला भरती. पाणी जवळ असतं, पिल्लं लवकर लाटेत जातात. पौर्णिमा-अमावस्येला सकाळी पाच-सहाच्या आसपास ओहोटी, समुद्र लांब गेलेला, मग तीच चाल कितीतरी वेळ बघता येते. बाणकोट खाडीचे पक्षी बघायचे तर ओहोटीच गाठा. चिखल उघडा पडला की तुतारी (सँडपायपर), बगळे तिथे चरायला उतरतात. ८×४२ची दुर्बीण पुरते. मान वर करून समुद्र गरुडही शोधा.

आता उजेड, कारण बहुतेक चुका इथेच होतात. पिल्लू जिकडे क्षितिज उजळ तिकडे चालतं, आणि मोकळ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची. मागे कुणी बॅटरी लावली की ते उलट फिरतं. पहाटे अंधारात जायचं तर बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दोन पदरी रबराने बांधा आणि झोत पायाशी ठेवा. मोबाइलचा फ्लॅश घरूनच बंद करून या. तिथे गर्दीत हमखास विसरतो.

मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवा. हॅचरीत घरट्यावर पालथी टोपली असते. ती उचलल्यावर खाली काळपट राखाडी, तळहातात मावतील एवढी पिल्लं पुढचे वल्हे हलवत असतात. हात लावायचा नाही, दोरीच्या आत जायचं नाही. ओल्या वाळूत आपलं पाऊल उमटलं की पिल्लाला तो खड्डाच होतो. त्यात ते धडपडत राहतं, दमतं, आणि वर कावळे टपलेले असतात. उचलून पाण्यात सोडायचा आग्रहही धरू नका, वाळूवरून ते स्वतःच चालत जाऊ द्यायचं असतं. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हेही मोठ्यांनी ध्यानात ठेवावं.

बाकी सामान थोडकं. सुती कपडे (मार्चचा दमटपणा साताऱ्याच्या उन्हाळ्यासारखा नसतो), टोपी, वाळूत चालतील अशा चपला, पुन्हा भरता येतील अशा पाण्याच्या बाटल्या, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. शंख गोळा करायला डबा नेऊ नका, त्यात बरेचदा खेकडा राहत असतो.

गुरुवारी रात्री त्या घरी पुन्हा एक फोन करा. पिल्लांना अजून आठवडा आहे असं म्हणाले, तर जाणं सरळ पुढे ढकला.