थंडीत घरातल्या झाडांची कटिंग्ज टिकवायची असतील तर

बेळगावात काय बर्फ पडत नाही, त्यामुळं थंडीचा कटिंगला, म्हणजे नवं झाड करायला कापून लावलेल्या फांदीला, काय त्रास असं सगळ्यांना वाटतं. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 12-13 पर्यंत उतरतो, आणि मनी प्लांट, कोलियस, क्रोटन, सिंगोनियम ही सगळी उष्ण भागातली झाडं, मुळं फुटायला बुडाशी 20-25 डिग्री ऊब मागतात. ती मिळाली नाही की फांदी तशीच ओल्यात बसून राहते आणि मग कुजते. आपलं काम फक्त तिला शिवरात्रीपर्यंत जिवंत ठेवायचं.

तुळशीच्या लग्नाच्या आसपास तीन-चार पेरांची फांदी कापा, खालची पानं काढा, झालं. जरेनियम असेल तर एक दिवस सावलीत काप सुकू द्या.

आता कुंडी. इथंच माझी दोन वर्षं गेली. सगळे सांगायचे मातीची कुंडी वापर, ती श्वास घेते, म्हणून मी खानापूरच्या छोट्या लाल कुंड्या आणल्या आणि सगळं कोलियस बुडातून काळं पडून गेलं. दालचिनी लावली, बुरशी मारायची पावडर लावली, काय उपयोग नाही. मग एकदा पहाटे कुंडी उचलली तर हाताला गारेगार लागली आणि डोक्यात उजेड पडला, अहो ओली मातीची कुंडी म्हणजे माठच की! पाणी बाहेर झिरपतंय, सुकतंय आणि आतलं गार करतंय. उन्हाळ्यात पाणी गार करायला जे वापरतो त्यात मी थंडीत फांद्या ठेवलेल्या, वर परत शहाबादी फरशीवर.

तेव्हापासून थंडीत मातीची कुंडी बंद. प्लास्टिकचा ग्लास घ्या, बुडाला भोकं पाडा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वाळू निम्मं निम्मं. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण थेंब पडू नये, याच्यापेक्षा ओलं नकोच. ग्लासाखाली थर्माकोल नाहीतर पोत्याची घडी. आमच्या घरात फ्रिजच्या डोक्यावर जागा आहे, शेजारी खिडकी, तिथं सगळ्यात बरं चालतंय. पाणी सकाळी दहानंतर, तेही वरचं कोरडं वाटलं तरच, आणि टाकीतलं गार पाणी थेट ओतू नका, तांब्यात तासभर ठेवून मग घाला. वरून पिशवी झाकणार असाल तर रोज थोडा वेळ उघडा, आत थेंब साठले की कुज आलीच म्हणून समजा.

बुड काळं पडलंच तर त्यावर औषध मारत बसू नका. काळं संपून आतून स्वच्छ हिरवं दिसेपर्यंत कापा, ग्लास आणि मिश्रण दोन्ही नवीन घ्या. जुनं मिश्रण वाळवून परत वापरा म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, मी ऐकलं होतं.

मनी प्लांट बाटलीत पाण्यात ठेवला तरी चालतो, आठवड्याला पाणी बदला.

जानेवारीत एखाद्या फांदीला नवं पान आलं की लगेच कुंडीत हलवायचा मोह होतो, तेवढा आवरा. ते पान फांदीतल्या शिलकीवर येतंय, खाली मुळं असतीलच असं नाही. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की मग लावा, तेव्हा मातीच्या कुंडीत लावलं तरी चालतंय.