केस पिकायला लागलेत? आधी या चुका थांबवा

नौपाड्यातल्या माझ्या पार्लरमध्ये आठवड्याला एकतरी पोरगी येते आणि खुर्चीत बसायच्या आधीच भांग पाडून दाखवते. "ताई, बघा ना, आत्ताशी तेवीस पूर्ण झालीत." मग पर्समधून तेलाची बाटली निघते. कुणाला मावशीने गावाहून पाठवलेली, कुणी जांभळी नाक्यावरून आणलेली. सहा महिने रोज रात्री चोळलं, केस काही काळे होईनात.

होणारच नाहीत. तेलाला मी नावं ठेवत नाही, मीही खोबरेल लावते. केस मऊ राहतात, तुटत नाहीत. पण कातडीबाहेर आलेला केस नखासारखाच निर्जीव असतो. त्याचा रंग आत, मुळाशी ठरतो. तिथल्या रंगपेशी मेलॅनिन तयार करून वाढत्या केसात भरतात. या रंगपेशी ज्या मूळ पेशींपासून होतात त्यांचा साठा आटला, की केस बिनरंगाचा उगवतो आणि आपल्याला पांढरा दिसतो. वरून चोळलेलं तेल तो साठा भरून देत नाही.

कुणाला पटलं नाही, तर मी तिच्याच डोक्यावरचा एक केस चिमटीत धरून आरशात दाखवते. टोकाला काळाभोर, मुळाकडे पाच सेंटीमीटर पांढरा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे पाचेक महिन्यांपूर्वी त्या मुळातला रंग थांबला. वरचा काळा भाग आहे तसाच राहिला. म्हणूनच एका रात्रीत सगळं डोकं पांढरं होत नाही.

दुसरी चूक आयांची. केस पिकले की "अभ्यासाचं टेन्शन" म्हणून मोकळ्या होतात. ताणाचा संबंध आहे, नाही असं नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांवर दाखवलं, की ताणाने मूळ पेशींचा साठा झपाट्याने संपतो. २०२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात तर सुट्टीवर गेलेल्या एका माणसाचे पाच केस मुळाकडून पुन्हा काळे झालेले सापडले. पाच केस, अख्खं डोकं नव्हे. पण टेन्शनवर ढकललं की तपासणी राहून जाते. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी ऐरोलीला नोकरीला. एकवीस वर्षांची, कानशिलं पिकलेली. बोलता बोलता म्हणाली, ठाणे स्टेशनचा जिना चढताना धाप लागते, तळपायाला मुंग्या येतात. मी त्या दिवशी तिच्या केसांना हात लावला नाही, डॉक्टरकडे पाठवलं. बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं झाली, मुंग्या गेल्या, काही केस मुळाकडून काळे यायला लागले. सगळे नाही आले. घरात लवकर केस पिकायची परंपरा असेल, तर गोळ्यांनी काही होत नाही. तरीही पंचविशीच्या आत पिकले, तर बी-१२ आणि थायरॉईड एकदा तपासून घ्याच.

पांढरा केस उपटू नका. एक उपटला की दहा येतात हे खोटं, पण त्याच मुळातून पुन्हा पांढराच येतो, आणि सारखं उपटून मूळ दुखावलं तर तोही येत नाही. सिगारेट ओढत असाल तर सोडा, अकाली पिकण्याशी तिचाही संबंध आढळलाय.

आता डाय लावायच्या घाईबद्दल. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. दोन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरची एक मुलगी गुरुवारी आली, शनिवारी धाकट्या बहिणीची हळद. मी म्हटलं, आधी कानामागे डायचा ठिपका लावून टेस्ट घेते, ४८ तास थांबायचं. "ताई, एवढा वेळ कुठाय?" म्हणून उठून गेली आणि घरी काळ्या मेंदीचं पाकीट कालवून लावलं. शनिवारी सकाळी तिच्या आईचा फोन आला. मी गेले तेव्हा पापण्या सुजून डोळे मिटलेले, कपाळावर केसांच्या कडेने पाणी सुटत होतं. डॉक्टर म्हणाले, पीपीडीची, म्हणजे काळ्या डायमधल्या रसायनाची ॲलर्जी. बहिणीला हळद लागली तेव्हा ही आतल्या खोलीत पडून होती. ही ॲलर्जी सहसा जन्मभर जात नाही, पुढच्या वेळी त्रास आणखी वाढू शकतो.

निव्वळ मेंदी केशरी-तांबडी रंगते. अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करणाऱ्या पाकिटात बहुतेकदा पीपीडी असतं, वर "हर्बल" लिहिलेलं असलं तरी. अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही, असंही धरू नका. दहा वर्षं तोच डाय लावणाऱ्या काकूंनाही अकराव्या वर्षी खाज सुटलेली मी पाहिली आहे, म्हणून जुन्या गिऱ्हाइकांचीही मी दर वेळी टेस्ट घेते, वहीत तारीख टाकते आणि घरी पाठवते. हळद शनिवारी असेल, तर माझ्याकडे आदल्या रविवारी या.