पीसीओएस: ताटातून काढण्याआधी ताटात वाढा

पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाचा त्रास) निदान झालं की सल्ला ठरलेला असतो: भात बंद, गोड बंद, वजन उतरवा. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडच्या भात खाणाऱ्या घरात हे महिनाभरही टिकत नाही. दिवसभर उपाशी राहिलेलं पोट रात्री सगळी कसर भरून काढतं, आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पीसीओएससाठी कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरवलेला नाही. म्हणजे बंदीची यादी न लावता, घरचंच जेवण नीट मांडून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

या त्रासात बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला (रक्तातली साखर पेशींत पोहोचवणाऱ्या हार्मोनला) पुरेशी दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि ते अंडाशयाला अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन्स) वाढवायला लावतं. पाळी लांबणं, मुरमं, हनुवटीवरचे केस यांचं मूळ बरंचसं तिथे आहे. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसतात. ती अर्धवट वाढून थांबलेली बीजकोशं असतात. त्यामुळे ‘गाठी विरघळवणारा’ काढा कुणी दिला तर पैसे वाचवा.

1. आधी तपासण्या

21 दिवसांच्या आत किंवा 35 दिवसांनंतर येणारी पाळी अनियमित धरतात. (पाळी सुरू होऊन तीन वर्षं झालेली नसतील तर हे माप लागू नाही, शाळकरी मुलींवर शिक्का मारायची घाई नको.) थायरॉइड, प्रोलॅक्टिन, अँड्रोजेन, लिपिड आणि रक्तदाब तपासून घ्या. साखरेसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची चाचणी सर्वांत भरवशाची. नुसती उपाशीपोटीची साखर ठीक आली म्हणून निश्चिंत राहू नका.

2. वेळ बांधा

उठल्यापासून तास-दीड तासात काहीतरी खा, आणि पुढे तीन-चार तासांपेक्षा मोठी फट ठेवू नका. सकाळी नुसता चहा, दुपारी दोनला जेवण, ही इथल्या घरातल्या बाईची नेहमीची गत. सगळ्यांचं आटोपल्यावर जेवण्याची सवय बदलायला घरातल्यांशी बोलावं लागतं. कडधान्य भिजवण्यापेक्षा ते अवघड आहे.

3. प्रत्येक ताटात डाळ-कडधान्य, भाजी आणि थोडी चरबी

इथेच खरं काम आहे. भाकरी किंवा भात काढायचा नाही, त्याला सोबत द्यायची. प्रथिनं, चोथा आणि चरबी बरोबर असली की पचन संथ होतं आणि रक्तातली साखर एकदम उसळत नाही.

अथणी-चिकोडीकडच्या ताटाचा हिशेब बघा. ज्वारीच्या दोन भाकऱ्या (सुमारे 100 ग्रॅम पीठ), माणशी 30 ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा हुलग्याची उसळ, वाटीभर दही: प्रथिनं 20 ग्रॅमच्या आसपास. जोडीला मेथी किंवा शेपू, कच्चा मुळा, काकडी, आणि शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी. भात खाणाऱ्या घरात मात्र चूक आमटीत होते. पातळ आमटीत डाळ दोन चमचे, बाकी पाणी. माणशी 30 ग्रॅम डाळ मोजून घाला, घट्ट ठेवा, आणि भात वाढण्याआधी भाजी-उसळीचे चार घास खा. अंडी किंवा मासे चालत असतील तर सोपंच.

नाश्त्याच्या उप्पिटात रव्याइतक्याच भाज्या, मूठभर मटार आणि शेंगदाणे घाला. कालची भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी हा त्याहून सरस नाश्ता. संध्याकाळचे नुसते चुरमुरे तासाभरात जिरतात. फुटाणे, शेंगदाणे, कांदा, टोमॅटो घातले की टिकतात.

कडधान्य एकदम वाढवलं तर गॅस धरतो. आठ-दहा तास भिजवा, पाणी टाका, अर्ध्या वाटीपासून सुरू करा. दूध किंवा गहू सर्वांनी सोडावा असा ठोस पुरावा नाही.

4. गोड लपवून नको, जेवणानंतर

कुंदा किंवा करदंट पाचच्या चहाबरोबर रिकाम्या पोटी खाण्यापेक्षा जेवणानंतर खा, बसून, चव घेत. बंदी उठली की पहिले काही आठवडे जास्त खाल्लं जातं. घाबरून पुन्हा बंदी घालू नका. वेळेवर जेवण सुरू असेल तर ओढ कमी होते. उपवासाला साबुदाण्याऐवजी वरीचा भात, दाण्याची आमटी आणि दही घ्या. उपवासानंतर दरवेळी हात सुटत असेल तर उपवासच सोडलेला बरा.

5. भूक मोजा

जेवणाआधी आणि नंतर भुकेला 0 ते 10 गुण द्या. 0 म्हणजे गरगरणारी भूक, 10 म्हणजे पोट फुटेल असं. 3 च्या आसपास बसा, 7 ला थांबा. वर्षानुवर्षं डाएट केलेल्यांना हे गुण सुरुवातीला कळतच नाहीत. तोवर घड्याळावर चाला.

6. हालचाल, झोप, वही

आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालणं, आणि लागोपाठ नसलेल्या दोन दिवशी स्नायूंचा व्यायाम: खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर. जोरात घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर डॉक्टरांना सांगा. पीसीओएसमध्ये झोपेत श्वास अडण्याचा त्रास जास्त आढळतो.

वहीत पाळीची तारीख, दुपारची सुस्ती, झोप, गोडाची ओढ लिहा. वजनकाटा रोज नको. वजन उतरल्याने काहींची पाळी सुधारते हे खरं, पण काटा पाण्यानेही हलतो आणि रोजचा आकडा जेवण बिघडवतो. तीन महिन्यांच्या आत निकाल मागू नका. बीजकोश वाढायलाच काही महिने लागतात आणि एचबीए1सी ही रक्तचाचणीसुद्धा साधारण तेवढ्याच काळातल्या साखरेची सरासरी सांगते.

7. इथे आहार पुरत नाही

पाळी 90 दिवस आली नाही तर गरोदरपणाची चाचणी करून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं धोक्याचं. चोरून खूप खाणं, मुद्दाम उलटी करणं किंवा सतत उदासी असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. मेटफॉर्मिन (इन्सुलिनचा परिणाम सुधारणारी गोळी) दिली असेल तर जेवणाबरोबर घ्या. मळमळ, जुलाब झाले तर परस्पर बंद न करता डोस हळू वाढवता येईल का ते विचारा. ती वर्षानुवर्षं चालू असेल तर बी12 जीवनसत्त्व तपासून घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच.