सायकलचं इंजिन किंचाळायचं, त्याची गोष्ट

माझ्या सायकलला ६६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आहे. २५ सीसीच्या वरचं इंजिन म्हणजे कायद्याने मोटार वाहनच, म्हणून बिनानोंदणीची ती रस्त्यावर काढत नाही. कळव्यात चाळीमागच्या मोकळ्या जागेत फिरवतो, शेजाऱ्यांच्या शिव्या खात.

पावसाळ्यानंतर नवंच दुखणं सुरू झालं. गरम झाल्यावर थ्रॉटल सोडला तरी इंजिन किंचाळतच राहायचं. दोन दिवस उगाच कार्बोरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग, खोलून बसलो. जेट साफ, फ्लोट ठीक. शेवटी स्पार्क प्लग काढला, तर टोक खडूसारखं पांढरं! म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

इंजिन चालू ठेवून इनटेकच्या, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या पाइपच्या, जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला. आवाज लगेच बदलला. चोर सापडला: तिथूनच जादा हवा आत शिरत होती. पाइपची फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी चपटी कडा, काचेवर ठेवली तर चक्क डुगडुगत होती. त्याच काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत ती घासली. किटमधलं पातळ गॅस्केट (जोडातली फट बंद करणारा तुकडा) फेकलं, जाड शीटमधून नवं कापलं. नट एकेक करून नाही, आलटून पालटून थोडे थोडे आवळले, खाली स्प्रिंग वॉशर घालून. या इंजिनाची थरथर नट सैल करतेच.

आता प्लग चॉकलेटी निघतो, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण बरोबर. सायलेन्सरचे नट मात्र अजून छळतात.