हवामानबदलावर गेम बनवताय? या चुका टाळा

पुण्यातल्या शाळांत आणि गणेश मंडळांत आम्ही काही जण हवामानबदलावरचे मोबाइल गेम खेळून घेतो. गेममधून लोक या विषयाकडे वळतात, याबद्दल शंका नको. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने मोबाइल गेममधल्या जाहिरातींच्या जागी हवामानाबद्दलचे प्रश्न विचारले, तेव्हा ५० देशांतल्या सुमारे १२ लाख लोकांनी उत्तरं दिली. २०२१च्या जानेवारीत ते निकाल जाहीर झाले. पण आलेला माणूस पाच मिनिटांत फोन खाली ठेवत असेल, तर आधी गेम तपासा.

सगळ्यात मोठी चूक आम्हीच केली होती: परीक्षेला गेम म्हणणं. आमच्या पहिल्या गेममध्ये वीस प्रश्न होते. आंबिल ओढ्याजवळ राहणाऱ्या सातवीतल्या मुलीने वीसच्या वीस बरोबर सोडवले आणि विचारलं, "संपला?" २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्या ओढ्याचं पाणी तिच्या घरात शिरलं होतं, आणि आम्ही तिला हरितगृह वायूंची नावं विचारत बसलो होतो.

दुसरी चूक, निर्णयाची किंमत न लावणं. 'झाड लावा, दहा गुण मिळवा' यात डोकं लागतच नाही. मग आम्ही खडकवासला धरणसाखळी घेतली. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून साठा सुमारे २९ टीएमसी (म्हणजे २९ अब्ज घनफूट), त्यात खडकवासल्याचा जेमतेम दोन. वरची धरणं भरली की पाणी मुठा नदीत सोडावंच लागतं. खेळणाऱ्याच्या हातात फक्त दरवाजे. विसर्ग लवकर केला आणि पुढे पाऊस दडला, तर उन्हाळ्यात शहराचं पाणी आणि दौंड-इंदापूरच्या शेतीचं कालव्याचं आवर्तन दोन्ही अडचणीत. उशीर केला तर नदीपात्रातला भिडे पूल बुडतो, मग सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरतं. २०२४च्या जुलैत ते शिरलंच होतं. पाऊस कसा पाडायचा, हेही आम्ही मनाने ठरवलं नाही. मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या व्यापक घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढल्या, हे पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१७मध्ये दाखवलं आहे. म्हणून प्रत्येक फेरीत मुसळधार दिवस वाढत जातात.

तीच मुलगी यावेळी दरवाजाच्या बटणावर बोट ठेवून बराच वेळ थांबली. मागून तिची आजी म्हणाली, "अगं, रात्री नको सोडूस, माणसं झोपलेली असतात." आमच्या गेममध्ये रात्रच नव्हती! त्या आठवड्यात आम्ही घड्याळ आणि भोंगा घातला. मोठ्यांना शेजारी बसवायला विसरू नका.

बाकीचं थोडक्यात. 'तुमचा कार्बन पदठसा घटवा' असलं भाषांतरित मराठी बटणावर नको. 'वीज कशावर बनवायची?' विचारा. गेम जुन्या फोनवर, नेट नसतानाही चालला पाहिजे. आणि सगळं बुडालेलंच दाखवून सोडू नका. हरलेल्याला डाव पुन्हा मांडता यावा आणि वेगळ्या निर्णयाने काय वाचतं ते दिसावं.

शेवटच्या स्क्रीनवर नुसतं 'अभिनंदन' लिहून थांबू नका. आम्ही तिथे एकच काम देतो: पावसाळ्याआधी घराजवळच्या ओढ्याच्या मोरीत राडारोडा अडकलाय का ते बघा, फोटो काढा आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रार नोंदवा. तक्रारीचा नंबर गेममध्ये टाकला की पुढची फेरी उघडते.